खोगिरावर टाकलेल्या रिकिबी

घोड्यानं मागून येऊन काखेत नाक खुपसलं, तेव्हा फेतिन्यानं वळून घोड्याकडे पाहिलं नाही. तिनं आधी रस्त्याकडे पाहिलं. कोण कोण बघतंय? बाजाराचा दिवस होता. चर्चपासून नदीपर्यंत सरळ उतरत गेलेल्या उराल्स्कच्या त्या मोठ्या रस्त्यावर कलिंगडांच्या गाड्या, मिठाची पोती लादलेला एक उंट, त्याच्यापुढे झोपेत चालणारा किरगीझ, दवाखान्याकडे कण्हत चाललेली जखमींची गाडी, आणि या सगळ्यांच्या मधोमध, जिथे नसायला हवी नेमकी तिथे, शेजारची लुकेर्या. लुकेर्याच्या हातात मासा होता आणि माशासारखंच तिचंही तोंड उघडं होतं. फेतिन्याच्या टोपलीत दवाखान्यासाठी भाजलेले पाव होते, फडक्याखाली अजून गरम. पण घोड्याचं नाक टोपलीकडे गेलंच नव्हतं. ते गेलं होतं तिच्या डाव्या काखेत, शालीच्या घडीत, जिथे ती रोज सकाळी पावाचा एक कोपरा लपवून अंगणात यायची, आणि जिथे असा कोपरा वसंतापासून कुणी लपवला नव्हता. ओला, कोमट श्वास. कडू गवताचा वास. नाव जिभेवर आलं. तिनं ते दातांत धरलं आणि गिळलं.

"ए सैताना! माफ करा हं, बाई," वरून आवाज आला. "याला बायकांच्या अंगाशी जायची खोड आहे."

"घोड्याला की स्वाराला?" ती म्हणाली. आवाज ठाकठीक निघाला. तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

स्वार हसला. नदीच्या खालच्या अंगाच्या गावातला कोसाक, तांबड्या दाढीचा, पाय आखूड. रिकिबी पार वर ओढून बांधल्या होत्या. त्या रिकिबी लांब पायांसाठी केलेल्या होत्या, चामड्यावरची जुनी घडी अजून खाली, रिकाम्या जागी दिसत होती.

"नवा दिसतोय घोडा."

"परवाचा! लाल सैन्याकडून आणला. आणि कसा आणला ऐका तर. हा झाडाला बांधलेला आणि मालक ओढ्यात अंघोळीला. असल्या गारठ्यात! आम्ही आरडाओरडा केला, तसा पठ्ठ्या जन्माला आला तस्सा उठला आणि बोरूच्या बेटात पसार. हातात साबण. साबण नाही सोडला त्यानं, घोडा सोडला!"

"मग? मारलात?"

"हसताना नेम लागतो होय, बाई?"

तीही हसली. अगदी खरंखुरं हसली, कारण साबण तिच्या डोळ्यांपुढे आला होता, आणि साबणामागे ती लांबलचक पांढरी पाठ, आणि ते ढोपरं वर घेऊन पळणं. हसता हसता तिचा हात घोड्याच्या मानेवरून खाली उतरला, आयाळीच्या बुडाशी, जिथे मूठभर केस पायरीसारखे कापलेले होते. बोटांना केस टोचले. कापून महिना झालेले केस मऊ पडतात. हे टोचत होते. तुर्की आघाडीवरून परतल्यापासून तिचा नवरा झिनोवी ही पायरी कापायचा, अंधारात हात थेट पडावा म्हणून. दुसरं कुणी कापत नसे. दुसऱ्या कुणाला अंधाराची तेवढी भीती नव्हती.

"तेरेंती म्हणतात मला," स्वार म्हणाला. "दवाखान्यात आलो पडायला, तर पावाचा मऊ भाग माझ्यासाठी ठेवा."

"पडू नका. पाव इथेच घ्या," असं म्हणून तिनं एक अख्खा पाव त्याच्या हातात कोंबला आणि त्याला वाटेला लावलं. घोडा मान वळवून वळवून मागे बघत गेला. फुगऱ्या नाकाचा, वाळूच्या रंगाचा, माळावरच्या सैगा हरणासारखा ध्यान दिसणारा. म्हणून तर त्याचं नाव सैगाक.

"अगो फेतिन्या," लुकेर्या येऊन पोचली होती. "घोडा ओळखीचा वाटला गं?"

"पाव ओळखीचा होता त्याच्या."

"नाक बाई अगदी तुमच्या—"

"घोड्याला नाक असतंच, लुकेर्या. माणसांची मात्र भलतीकडे लांब होतात."

बोलणं झकास जमलं होतं, आणि काही उपयोगाचं नव्हतं, हे तिला लुकेर्याची पाठ फिरण्याआधीच कळलं. लुकेर्या वाईट बाई नव्हती. फक्त तिच्या पोटात काही राहत नसे, आणि तिचा मासा घरी पोचायच्या आत अख्ख्या गल्लीला कळणार होतं की सैगाक परवापर्यंत लालांकडे होता. पुढचं गल्ली जोडून घेईल. वसंतात बेपत्ता झालेला झिनोवी मेला नव्हता, पकडला गेला नव्हता. तो पलीकडे गेला होता आणि

(ती चालत होती. टोपली दवाखान्याकडे नेत होती. पाय आपलं काम चोख करत होते.)

पलीकडे गेला होता हे तिला आतून माहीतच नव्हतं काय? माहीत होतं. माहीत असण्याचे प्रकार असतात. तळघरात पिंप आहे हे माहीत असतं, रोज कोणी झाकण उघडून बघत नाही. आज झाकण उघडलं आणि आतून जे वर आलं ते दुःख नव्हतं, लाज तर नव्हतीच. तो जिवंत आहे. परवा जिवंत होता, नागडा होता, साबणाला चिकटून होता. तिच्या छातीत काहीतरी चहाच्या किटलीसारखं गुणगुणायला लागलं आणि तिला ते दाबून धरावं लागलं, कारण आता रस्त्यावर ओळखीची माणसं भेटत होती, आणि ज्या बाईचा नवरा सहा महिने बेपत्ता आहे तिनं गुणगुणत चालायचं नसतं. मग त्या गुणगुणण्याखालून याकोवचं घर वर आलं. कोपऱ्यावरचं. तोही लालांकडे गेला होता. उन्हाळ्यात कोसाक फौजेच्या सभेनं ठराव केला होता, जो लालांकडे गेला त्याचं नाव गेलं, घर गेलं, कुरण गेलं, नदीतला मासा गेला, आणि घरची माणसं नदीपल्याड. नदीपल्याडला सगळे बुखारी बाजू म्हणतात, जणू पाणी ओलांडलं की बुखारापर्यंत मध्ये कुणीच नाही. आणि खरंच नाही. याकोवची बायको गाडीवर बसली होती आणि मांडीवर तिनं समोवार धरला होता, मूल धरावं तसा. तेव्हा ऊन होतं. आता नदीच्या कडेला सकाळी बर्फाची साय धरते. सासू स्तेपानीदाला घेऊन त्या माळावर—तिची ढोपरं, तिचं देवघरातलं जुनं दोन बोटांचं क्रूस घालणं, घरचं सोडून दुसऱ्या कुणाच्या भांड्याला तोंड न लावणारी ती म्हातारी—एक हिवाळा निघणार नाही. अर्धासुद्धा.

दवाखान्यात पावांची टोपली तिनं उतरवली. एका डोळा बांधलेल्या पोरसवदा शिपायाचं अंथरूण सरळ केलं. कुणीतरी म्हणालं, बस जरा, दमलीस. ती म्हणाली, मी कधी दमते? आणि हे खोटं नव्हतं. दमण्याची वेळ तिच्या आयुष्यात नेहमी काम उरकल्यावर येई, आणि काम अजून

जो आधी बोलतो त्याचं खरं ठरतं. हे ती बर्फावर शिकली होती. झिनोवी जर्मन युद्धातल्या तुर्की आघाडीवरून परतला त्या हिवाळ्यात, गोठलेल्या नदीवरच्या मासेमारीला. सगळी फौज काठावर ओळीनं उभी, हातात ताडमाड आकडे, कुणी श्वास घेत नाही, खाली तळाशी स्टर्जन मासे ओंडक्यांसारखे निजलेले. मग तोफेचा बार, की सगळे एकदम बर्फावर धावतात आणि पहिलं भोक ज्याचं, जागा त्याची. तोफ वाजली. सगळे धावले. झिनोवी खाली बसला. दोन्ही हात कानांवर, डोकं ढोपरांत, साडेसहा फुटांचा माणूस एवढासा होऊन. शेजारचे लोक त्याला ओलांडून गेले. तिनं पाहिलं की आता सगळे वळून पाहणार आहेत. कुणी वळायच्या आत तिनं त्याचा आकडा उचलला आणि धावत सुटली. बाईनं बर्फावर पाय ठेवला की मासा तळ सोडून समुद्राला जातो, असं तिच्या आजीच्या आजीपासून चालत आलेलं, तरी पाच मणांचा मासा तिनं वर ओढला, दोन म्हाताऱ्यांच्या मदतीनं, आणि घामेघूम होऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "नवऱ्याशी पैज लावली होती, जिंकले मी! बघा बसलाय कसा तोंड लपवून!" हिवाळाभर नदीच्या वरच्या-खालच्या अंगाला ही पैज गाजली. बर्फावर बसलेला माणूस कुणालाच दिसला नाही. फक्त त्या संध्याकाळी झिनोवी मासा चिरताना म्हणाला होता, "फेत्या, तू माझ्यावर पांघरूण घातलंस." आणि मग, पुष्कळ वेळानं, "पांघरुणाखाली श्वास कोंडतो गं." तिला राग आला होता. पाच मणांचा मासा आणि वर तक्रार.

नंतर वसंतात फौज पुन्हा उठली, आता आपल्याच माणसांवर, लालांवर. अंगणात तिनं रिकीब धरली होती. त्यानं दाढी काढलेली होती, खंदकात उवा झाल्या म्हणून काढली ती पुन्हा वाढूच दिली नव्हती, आणि दाढी काढणं पाप मानणारी स्तेपानीदा त्या उघड्या हनुवटीकडे न बघता मुलाला आशीर्वाद देत होती. "तिकडे समोर जे उभे असतील ना," तो खोगिरावरून वाकून म्हणाला, "त्यातले निम्मे माझ्याबरोबर एकाच भांड्यातून जेवलेत."

"मग हवेत झाड गोळी," ती म्हणाली होती.

त्यानं तिच्याकडे पाहिलं होतं, प्रेमानं आणि दुरून, जसं हुशार पण लहान मुलाकडे पाहावं. ती नजर तिनं तेव्हाच तळघरात ठेवली होती. आज तिला वाटलं, त्यानं तेव्हाच सांगितलं होतं. ऐकायला ती थांबली नव्हती इतकंच. घोड्याच्या तंगाची पट्टी सैल वाटली म्हणून ती घट्ट करायला वाकली होती.

जत्रेच्या मैदानात पकडून आणलेले घोडे बांधत. नायक चुरीलिन तिथे एका उलट्या पिंपावर बसून कलिंगड खात होता, थकलेला, जाडजूड, डोळ्यांखाली काळं. तेरेंती बाजूला सैगाकचं खोगीर उतरवत होता. फेतिन्या थेट घोड्यापाशी गेली. वाटेत तिनं काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. ठरवलं की तिचं बोलणं नेहमी पाठ केल्यासारखं वाटे. तिनं शालीची घडी उघडली, दवाखान्यातून आणलेला पावाचा कोपरा काखेत ठेवला आणि मोठ्यानं हाक मारली.

"सैगाक!"

घोड्यानं तेरेंतीला खांद्यानं बाजूला सारलं आणि येऊन नाक खुपसलं. मैदानातले लोक बघू लागले.

"माझ्या घरचा घोडा आहे, नायकसाहेब. झिनोवी फोकिचचा. खोगीर परत घालायला सांगा. मी न्यायला आलेय."

चुरीलिननं कलिंगड खाली ठेवलं. हात पुसले. तो मूर्ख नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर ती तेच वाचत होती जे गल्ली रात्रीपर्यंत वाचणार होती. "लालांकडून आलाय हा, फेतिन्या," तो हळू म्हणाला.

"तेच सांगतेय. लालांकडून आला."

"मग झिनोवी कुठाय?"

"मेला."

शब्द बाहेर पडला आणि पायाखालची जमीन होती तिथेच राहिली. आश्चर्य वाटलं तिला. तिला वाटलं होतं काहीतरी हलेल.

"कुणी सांगितलं?"

"यानं," तिनं घोड्याच्या कपाळावर हात ठेवला. "हा त्यांच्या हातात होता ना? मग अजून काय सांगायचं राहिलं? का तुम्ही म्हणताय, नायकसाहेब, की आपल्याकडचा कोसाक जिवंत असताना घोडा दुसऱ्याच्या हाती देतो? माझा सासरा सांगायचा, घोडा आणि कोसाक एकदाच वेगळे होतात. तुमच्या वडिलांनीही हेच सांगितलं असेल. का नाही सांगितलं?"

चुरीलिनच्या मागे दोन पांढऱ्या दाढीचे म्हातारे उभे होते, त्यांनी माना डोलावल्या, कारण याला मान न डोलावणं म्हणजे स्वतःच्या आयुष्याला नाही म्हणणं होतं. तिनं त्यांना पाहूनच ते वाक्य टाकलं होतं. चुरीलिनला तेही कळलं. त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग मान वळवली.

"तेरेंती. याचा मालक पाहिलास म्हणाला होतास तू."

तिचा हात घोड्याच्या कपाळावरच होता. हाताखाली एक शीर उडत होती. घोड्याची की तिची, कळेना. तेरेंतीनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या रिकाम्या टोपलीकडे, मग खोगिराकडे, त्या चामड्यावरच्या खालच्या जुन्या घडीकडे, जिथवर पाय पोचायला माणूस चांगलाच लांब असायला हवा होता. ओढ्यातून उठलेला माणूस किती लांब होता हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"पाठ पाहिली, साहेब," तो म्हणाला. "पाठ सगळ्यांची सारखी. तिला दाढी नसते."

कोणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. चुरीलिन उठला. त्यानं टोपी काढली, मग मैदानात सगळ्यांनी काढल्या.

"दुखवट्याच्या चाळीसाव्या दिवसापर्यंत घोडा घरी राहील," तो म्हणाला. "नंतर फौजेला लागेल. स्वार नसलेला घोडा मी ठेवू शकत नाही." आणि जवळ येऊन, फक्त तिला, "फेतिन्या, मेलेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा मारावं लागतं. मी मारीन. समजलं?"

"मेलेली माणसं येत नाहीत," ती म्हणाली.

खोगीर परत चढवून रिकिबी तेरेंतीनंच उचलल्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे, खोगिरावर आडव्या टाकल्या, जशा धनी गेलेल्या घोड्याच्या टाकतात. त्याचं काम चाललं असताना त्यानं एकदाही मान वर केली नाही. मग लगाम तिच्या हातात आला आणि ती मोठ्या रस्त्यावर चालू लागली.

लोक थांबत होते. गाडीवाले उतरत होते. टोप्या निघत होत्या, बायका क्रूस घालत होत्या, उंटापुढे चालणारा तो किरगीझसुद्धा तोंडावरून तळवे फिरवून काहीतरी पुटपुटला. आणि फेतिन्या मधोमध चालली होती, ताठ, कारण तिला असंच चालता येत असे, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट मोठमोठ्यानं वाजत होती: जमलं. घर राहिलं. कुरण राहिलं. म्हातारी चुलीपाशी राहील. वेशीपासून चर्चपर्यंत जमलं, चर्चपासून कलिंगडांच्या गाड्यांपर्यंत जमलं, आणि मग, गल्लीच्या तोंडाशी, तिच्या लक्षात आलं की या एवढ्या लोकांनी आज झिनोवीला मेलेला पाहिला आहे. प्रत्येक टोपीनं तो थोडा थोडा मेला. आता तो कुठल्या रस्त्यानं येईल? लाल हरले तरी नाही, लाल जिंकले तरी या रस्त्यानं नाही. ती पांघरूण घालायला गेली होती. नेहमीसारखी, कुणी वळून बघायच्या आत. पांघरूण यावेळी मातीचं होतं.

ती थांबली नाही. थांबली असती तर घोडा थांबला असता.

आणि स्तेपानीदा. म्हातारीला आधी आत नेऊन, दार लावून, कानात सांगायचं: जिवंत आहे, साबण होता हातात. एवढंच सांगायचं आणि मग काय रडायचं ते रडा. कारण जिवंत माणसासाठी मढ्याचं रडणं रडलं तर माती त्याला ओढायला लागते, हे लहान पोरालाही माहीत होतं, आणि स्तेपानीदाचं रडणं साधं नव्हतं. गल्लीत कुणाकडेही माणूस गेलं की तिला बोलावणं येई. ती हाका घालायला लागली की कोरड्या डोळ्यांचे जावई हुंदके देत. त्या आवाजानं स्वतःच्या जिवंत मुलाला हाक मारली तर—फेतिन्याचा अशा गोष्टींवर निम्मा विश्वास होता. पण उरलेला निम्मा आता पायांत आला होता. तिनं पावलं उचलली.

उशीर झाला होता. मैदानातली बातमी घेऊन लुकेर्या पुढे पोचली होती. फाटक उघडं होतं, फाटकात बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्या मध्ये काळी ओढणी घेतलेली स्तेपानीदा, नेहमीच्या काठीशिवाय. तिनं घोडा पाहिला, रिकिबी पाहिल्या. हळूहळू खाली वाकून घोड्याच्या पुढच्या पायांपाशी कपाळ टेकलं, तुझ्यावर बसून गेला, तू त्याला वाहिलंस, म्हणून. मग उठली, चेहरा आकाशाकडे केला, आणि आवाज सोडला.

"उठ रे माझ्या शिकाऱ्या ससाण्या, उघड तुझे डोळे... ये रे माघारी, ये, तुझं अंगण तुझ्या पायांची वाट बघतं..."

बायका स्फुंदायला लागल्या. हाक तीन वेळा घालायची असते. पहिली आईची, मग बायकोची, मग सगळ्यांची मिळून. तिसरीनंतर नाव फक्त मेलेल्यांच्या प्रार्थनेत घ्यायचं. स्तेपानीदाची पहिली हाक संपली आणि सगळे चेहरे फेतिन्याकडे वळले. म्हातारीचा कान तिच्यापासून दोन हातांवर होता, त्या काळ्या ओढणीखाली, आणि दोन हात पार करायला जागा नव्हती. तिनं तोंड उघडलं. तिचा आवाज चांगला नव्हता कधीच. खरखरीत, बाजारात भाव करायला उपयोगी. "उठ रे," तिनं सुरुवात केली, आणि पुढचा शब्द, जो शेकडो वर्षं तिथेच बसलेला होता, तो घ्यायला ती गेली आणि तिनं घेतला नाही.

"येऊ नकोस," ती म्हणाली.

बायकांचं स्फुंदणं अडखळलं.

"येऊ नकोस रे झिनोवी! इथे वाटा वळल्यात, इथे फाटकं मिटलीत. जिथे आहेस तिथेच राहा, तिथेच चूल कर, तिथेच माणसं कर. मी तुला बोलावत नाही. ऐकतोस का, मी बोलावत नाही!" आणि इथे तिचा आवाज फुटला, मधोमध, लाकूड फुटावं तसा, आणि त्या फटीतून जे बाहेर आलं ते तिनं ठरवलेलं नव्हतं, ते रडणं होतं, नाक-डोळे एक करणारं, कुरूप. तिला कळलं की ती खरंच त्याला पुरते आहे. जिवंत असलेल्याला. स्वतःपुरता.

"दुःखानं भ्रमली पोर," कुणीतरी कुजबुजलं. "उलटं बोलतेय."

स्तेपानीदानं आपल्या सुनेकडे पाहिलं. तिनं बऱ्याच घरांच्या मढ्यांपुढे बऱ्याच विधवा पाहिल्या होत्या, आणि त्यांतली एकही अशी रडली नव्हती. म्हातारीचा चेहरा काही क्षण अगदी रिकामा झाला, पुसलेल्या ताटासारखा. मग तिनं डोळे मिटले, दोन्ही हात छातीशी नेले, आणि पुन्हा आवाज सोडला, पहिल्यापेक्षा वर, पहिल्यापेक्षा भरीव.

"येऊ नकोस रे बाळा! नदीवर पहारे बसलेत, येऊ नकोस! माळावर वारा सुटलाय, कान झाकून घे, येऊ नकोस! तुझी दाढी वाढू दे, नको वाढू दे, तुझी आई रागावत नाही, येऊ नकोस..."

बायका एकमेकींकडे पाहत होत्या. पण सूर असा होता की पाहणं फार वेळ टिकलं नाही. एकीनं धरला, मग दुसरीनं, आणि तिसरी हाक, जी सगळ्यांनी मिळून घालायची असते, ती अख्ख्या गल्लीनं घातली: येऊ नकोस, येऊ नकोस. लुकेर्या सगळ्यांत मोठ्यानं.

फेतिन्या घोड्याच्या मानेला धरून उभी होती. तिला हसू येत होतं आणि रडू थांबत नव्हतं, आणि दोन्ही मिळून तिचा श्वास संपला. ती क्षणभर नुसतीच उभी राहिली, तोंड उघडं, आवाज नाही.

तेवढ्यात कोपरात बोटं रुतली. स्तेपानीदा तिच्याजवळ येऊन तिच्या खांद्यावर कोसळली होती, जशी मुलगा गेलेली आई सुनेच्या खांद्यावर कोसळते, आणि ओढणीच्या आडून, कोरड्या, व्यवहारी आवाजात, तिनं कानात सांगितलं:

"सूर सोडू नकोस, पोरी. गल्ली ऐकतेय अजून."